खालच्या मजल्यावरचं सागवान

आमच्या खालच्या काकांइतका पायाखालच्या जमिनीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नेरूळात नव्हता. आणि हे मी शेतजमिनींच्या मोर्च्यांत घसा फोडून घेतलेला कार्यकर्ता म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळी सोसायटी टाइल्सवर सुखाने फिनेल ओतत असताना या गृहस्थांनी हॉलमध्ये सागवानी फरशी करायचं ठरवलं. वखारीत जाऊन प्रत्येक फळी कलिंगडासारखी ठोकून, हुंगून घेतली. आणल्यावर बसवली का? छे! महिनाभर फळ्या हॉलमध्ये नुसत्या पाहुणचार घेत पडल्या. "आधी तिला घराची हवा लागू दे. नव्या सुनेला आल्या आल्या कामाला जुंपतात का?" काका म्हणाले. "मला जुंपलं होतं," काकू आतून म्हणाल्या.

फरशी बसली आणि काकांनी पाण्याशी वैर धरलं. फडकं इतकं पिळायचं की शेवटी काकूंना घाम यायचा. खुर्च्यांच्या पायांत नातवाचे लोकरी मोजे. मी ताडकन पत्रकाच्या भाषेत सुनावलं, "काका, तुम्ही उद्याच्या जंगलावर चालताय!" "चालतोय ना? मग तू चप्पल काढ."

आमच्या बिल्डिंगला नळ कधी येईल याचा नेम नसे. म्हणून सगळे तोटी उघडीच ठेवत. बादलीत आवाज झाला की धावायचं. या अन्यायाविरुद्ध मी सह्यांची मोहीम काढली. काकांनी माझं पेन मलाच परत दिलं. "पाण्यासाठी माझी सही? त्यापेक्षा वाळवीला मत देईन!" त्यांना मी जिन्यातच 'जनतेचे शत्रू' जाहीर केलं.

सह्या घेऊन पाणीखात्याच्या कचेरीवर काढलेला मोर्चा जबरदस्त झाला. तिथले साहेब स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "पाणी सोडलंय. घरी जाऊन बघा." आम्ही गुलाल उधळत घरी गेलो आणि बघितलं. माझी तोटी, सवयीप्रमाणे, उघडी. मोरीत चिकटवायच्या खळीशेजारी ठेवलेली उरलेली पत्रकं वाहत जाऊन जाळीवर बसलेली. 'पाणी आमच्या हक्काचं' या मथळ्याने भोक असं बुजवलं होतं की प्लंबरनेही मान डोलावली असती. पाणी घरभर फिरून खाली उतरलं होतं.

खाली फळ्या फुगून हॉलच्या मधोमध टेकडी झाली होती. काका फडकं पिळत बसले होते. मी दारात, डोक्यावर गुलाल.

"काय पुढारी, मागणी मान्य झाली वाटतं?" मग फडकं बाजूला ठेवून, "ये. चप्पल काढ."

ठोकून बसवू का, असं मी विचारलं. "घाई नको. वाळेल तशी बसेल. तुझ्यासारखीच आहे ती, जरा फुगते," काका म्हणाले. पंखे लावून आम्ही तिच्याभोवती बसायचो, काकू चहा द्यायच्या. हळूहळू फरशी बसली. खिडकीजवळची एक फळी मात्र कायमची वर राहिली. पाय पडला की कर्रकन बोलायची. काकांनी ती बदलली नाही. आल्यागेल्याला सांगत, "वरच्या पोराने पाणी आणलं ना, त्याची खूण!"

गेल्या वर्षी काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले. नव्या लोकांनी चकचकीत टाइल्स टाकल्या आणि दणादण पाणी ओतून धुतल्या. पाणी आता वेळेवर येतं. परवा नव्या पत्रकाचा गठ्ठा घेऊन त्यांची बेल वाजवली. बाई दार उघडून म्हणाल्या, "अहो, चपला राहू द्या, चालेल इथे!"

मी खाली पाहिलं. दोन्ही चपला केव्हाच काढून झाल्या होत्या.