औंदा रानात काय?

लष्कराच्या फील्ड हॉस्पिटलात जखमी जवानांना सुरुवातीचे उपचार कसे मिळतात, यावर मी संशोधन करते. त्यासाठी निलंग्याच्या एका माजी जवानाला भेटायला गेले होते. नाव सांगणार नाही, तसा शब्द दिलाय.

बोलणं सुरू होतंय तोच भावाचा फोन आला. लातुरात बाबांची मोटारसायकल घसरली होती, त्यांना ऑपरेशनला आत नेलं होतं. मी वही तशीच पिशवीत कोंबली. ते माजी जवानही उठले आणि चप्पल घालत म्हणाले, "चला, मी येतो संगं."

एसटीत त्यांनी ताठ झालेला पाय वाटेत लांब केला, गुडघा तळव्यानं दाबला आणि विचारलं, "ताई, औंदा रानात काय पेरलंय?"

"तूर."

"कोळपणी झाली का? फवारणी कुणी केली? शेंगा कशा हायत?"

ते थांबेचनात. बाप तिकडं टेबलावर आणि ह्यांना तुरीचं पडलंय! मी तुसडेपणानं उत्तरं देत राहिले.

औसा आलं तेव्हा पुन्हा फोन वाजला. ऑपरेशन नीट झालं होतं. बाबा बोलत होते, गाडीला किती लागलं ते विचारत होते. मी रडता रडता हसले.

आता ते तुरीबद्दल काहीच विचारेनात. जरा वेळानं म्हणाले, "मला गोळी लागली तवा तिथल्या नर्सिंगवाल्यानं असंच रानाचं इचारून जागं ठेवलं. लई शिव्या दिल्या मी त्याला."

"मीही दिल्या तुम्हाला. मनातल्या मनात."

ते खुदकन हसले. "मंग लागू पडलं म्हणायचं."