पेरूचं पॅटिस

नारायण पेठेत शालूताईंना नावाने ओळखणारे थोडे, पॅटिसवाल्या म्हणून ओळखणारे फार. दुकान मात्र त्यांनी जन्मात टाकलं नाही. सकाळच्या नाश्त्याला घरी करायचं आणि शेजारच्या चार ताटल्यांत घालायचं, एवढाच त्यांचा पसारा. आणि हे पॅटिस बटाट्याचं नव्हे, पेरूचं. ते ऐकून नाक मुरडणारे पेठेत कमी नव्हते. नाक मुरडून झालं की तेच लोक दुसरं मागून घ्यायचे.

शालू मूळची बिबवेवाडीची. तिच्या लहानपणी बिबवेवाडी पुण्यात नव्हती, पुण्याजवळ होती, आणि वडील हिंदुराव यांची तिथे विहिरीवरची पेरूची बाग होती. अडुसष्ट साली लग्न होऊन ती पेठेतल्या दोन खोल्यांत आली. महिन्याभरात तिच्या तोंडातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं, कारण 'हाय' म्हटलं की शेजारीण असा चेहरा करायची, जणू दुधात माशी पडली. नवरा दिगंबर महापालिकेत कारकून. मनाने चांगला, जिभेने पेठेतला.

पेरूच्या दिवसांत हिंदुराव सायकलला टोपली बांधून लेकीकडे यायचे. टोपली उंबऱ्याच्या आत सरकवायची, स्वतः उंबऱ्याबाहेर बसायचं, लेकीकडे डोळे भरून बघायचं आणि उठायचं. पाण्याचा घोटसुद्धा नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. सुरुवातीला शालूला त्याचं काही वाटलं नाही. आज ना उद्या पाळणा हलेल, मग आबांना पाटावर बसवून पोटभर वाढू, असं ती म्हणायची.

पाळणा काही हलला नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, ज्याने जे सांगितलं ते करून झालं. आबा येत राहिले आणि उंबऱ्याबाहेर बसत राहिले. तिच्याकडून उठले की ते कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात शिरायचे. बशीत ओतून चहा पिताना ते तिला गॅलरीतून दिसायचे. तेव्हा तिला असा राग यायचा म्हणता! त्या चहावाल्याने काय नातू दिलाय यांना? मग ती आत जाऊन भांडी गरजेपेक्षा जास्त जोरात घासायची.

पेरू मात्र ढिगाने. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार? शेजारणीसुद्धा "पेरू नकोत हो, सर्दी होते" म्हणून दार लोटायला लागल्या. मग शालू पेरू शिजवायची, बिया गाळायची, आणि तो गर साखर नि दोन लवंगा घालून चांगला घट्ट आटवून बरणीत भरायची.

दिवाळीच्या आधी पेठेतल्या बायका रवा, मैदा, तूप, साखर घेऊन अमीनभाईंच्या बेकरीत नानकटाई भाजून आणायला जात. भट्टी त्यांची, जिन्नस आपला. नंबर येईपर्यंत बाकावर बसून ज्या आल्या नाहीत त्यांची उणीदुणी काढायची. एका वर्षी शालूकडे साट्याच्या करंज्यांचं पीठ उरलं होतं. लाटलेल्या पोळ्यांना तूप आणि तांदळाची पिठी फेसून लावायची, पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळी करायची, तुकडे कापून ते पुन्हा लाटायचे. त्या फेसलेल्या तुपाला म्हणतात साटा, आणि पदर सुटतात ते त्याने. तळण करून ती कंटाळली होती. तिने त्या पिठात पेरूचा गर भरला, कडांना मुरड घातली आणि नानकटाईच्या मागोमाग तो ट्रे अमीनभाईंच्या हातात दिला.

आई मुक्ताबाईने तिला एकच गोष्ट धपाटे घालून शिकवली होती, करंजी घट्ट मिटायची. कढईत एक फुटली तर सगळं तूप वाया. म्हणून शालूने प्रत्येकीचं तोंड जीव खाऊन मिटलं होतं. भट्टीत त्या सगळ्याच्या सगळ्या फुटल्या. पेरू उकळून बाहेर आला आणि जळून ट्रेला चिकटला. बाकावरच्या बायकांना आयताच विषय मिळाला.

"ताई, कढईत तोंड मिटलेलं बरं," अमीनभाई म्हणाले. "इथं वाफेला वाट पाहिजे. वर सुरीनं एक चीर द्या, बस."

शालूने राखेने तो ट्रे घासून दिला आणि उरलेल्या पिठाच्या पुन्हा केल्या, चीर देऊन. त्या अशा फुलल्या, की हात लावताच पदर सांडावेत. घरी दिगंबरने एक उचलून चारी बाजूंनी पाहिली. "करंजी म्हणावी तर भाजलेली, पॅटिस म्हणावं तर गोड," तो म्हणाला. "नाव काहीही ठेव. उद्या सकाळी चहाबरोबर हवं." कौतुक करताना त्याचा आवाज नेहमीच तक्रारीचा असायचा.

त्याच आठवड्यात शालूच्या डोक्यात एक युक्ती आली. आबांची सायकल गल्लीत वळताना दिसली तशी ती खाली धावली आणि त्यांना थेट बेकरीत घेऊन गेली. तिचा नवा ट्रे नुकताच बाहेर आला होता.

"आबा, ही भट्टी माझ्या घरची आहे का?"

"न्हाई."

"मग बसा आणि खा."

हिंदुराव शेतकरी माणूस, असे फसायचे नाहीत. "पीठ कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

अमीनभाईच मध्ये पडले. "बाबा, माझ्या दुकानात जे भाजलं ते माझं. आता पाहुण्यानं नाही म्हणू नये."

हिंदुरावांनी दोन खाल्ली आणि वर ते अमीनभाईंच्या माठातलं पाणी गटागटा प्यायले. शालू हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. बापाला चार घास घालायला लेकीला परक्याचं छप्पर लागावं हा कुठला न्याय? पण दुधाची तहान ताकावर भागवावी लागते. तिने ती बरीच वर्षं भागवली.

मग अमीनभाई थकले, बेकरी बंद करून मुलांकडे कोंढव्याला गेले. इकडे दिगंबरने बोनसमधून अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला, झाकणाला काच असलेला. तेव्हापासून पॅटिस घरीच व्हायला लागलं. साटा आदल्या दिवशी लावून ठेवायचा, सकाळी लाटायचं, गर भरायचा, चीर द्यायची आणि ओव्हनमध्ये ठेवून आंघोळ उरकायची. इतकं सोपं! आजूबाजूच्या बायका शिकायला यायच्या, आणि प्रत्येकीची पहिली खेप फुटायची, कारण आया सगळ्यांच्या सारख्याच.

पण बेकरी गेली आणि आबांचं खाणं पुन्हा बंद झालं. आता तर वास थेट उंबऱ्यापर्यंत यायचा. ते तिथे बसून राहायचे, आणि निघताना माहेरच्या वहिनीसाठी दिलेला डबा घेऊन जायचे. "त्यातलं आबा खातात का?" शालूने एकदा वहिनीला विचारलं होतं. वहिनीने नकारार्थी मान हलवली.

मुक्ताबाई गेली. बिबवेवाडीत सोसायट्या उठल्या, बागेचे प्लॉट पडले. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी हिंदुराव बसने आले. सायकल सुटली होती. पिशवीत पाच-सहा पेरू, विहिरीच्या कडेला राहिलेल्या झाडाचे. शालूने ओव्हन नुकताच उघडला होता. दाराशी चपला काढून आबा उंबरा ओलांडून आत आले आणि ओट्याजवळ भिंतीला टेकून बसले.

"एक दे," ते म्हणाले.

शालू सांडशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "आबा, हे घर माझं आहे." इतकी वर्षं साठलेलं तोंडातून निसटलंच.

"ठावं हाय."

"आणि रीत?"

"रीत कोन पाळतंय आता? गावातलं समदं म्हातारं लेकीकडं जाऊन मटन वरपत्यात."

"मग तुम्हीच का पाळलीत?"

हिंदुरावांनी पिशवीतले पेरू एकेक करून ओट्याशी ठेवले. मग म्हणाले, "तुझी आई म्हनायची, तुमी घास घेतला तर देवाला वाटंल, ह्यांनी नातवाची आस सोडली. म्हनून तोंड बांधून बसलो, पोरी. खायाला जीव लई व्हायचा गं. पन वाटायचं, माझ्यापायी तुझं ऱ्हाऊ नये."

शालूने हातातली सांडशी ओट्यावर ठेवली. आबा आपल्याला कमी लेखतात, असं धरून ती आजवर किती वेळा भांड्यांवर राग काढत आली होती! तिने आणि दिगंबरने ती आस केव्हाच सोडून दिली होती. आपल्या वाटची कुणीतरी अजून उंबऱ्याबाहेर उपाशी बसून धरून ठेवली आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला तिथेच खाली बसून मोठ्याने रडावंसं वाटलं.

"सोडा आता, आबा," ती म्हणाली. तिने पॅटिस फोडलं, फुंकर घातली आणि पहिला घास स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात दिला. हिंदुराव डोळे मिटून चावत राहिले. मग त्यांनी पाणी मागितलं.