क्वेट्ट्याच्या वाटेवर कराची

माझे मालक लोणावळ्यात एका गोऱ्या साहेबाची मोटार चालवत. साहेबाची बदली क्वेट्ट्याला झाली, तेव्हा त्याने यांनाही बरोबर नेलं. "जागा लागली की न्यायला येतो," असं सांगून हे गेले आणि मी बेडशाला सासरी राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात सासरे, त्यांची विधवा बहीण आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही तेच म्हणायची. महिन्याकाठी यांचं पत्र येई. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की साहेबाच्या बंगल्यात जागा नाही म्हणून गावात, बाजारपेठेत एका हलवायाच्या माडीवर खोली घेतली आहे, तू आलीस की दोघांना पुरेल.

त्या दिवशी आबा वडगावला कचेरीत गेले होते. तिथल्या एका कारकुनाने त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. दुपारी ते घरी आले आणि पाय न धुता उंबऱ्यावरच बसले. मी अंगणात भाताचं बी पाखडत होते.

"पोरी, क्वेट्टा गेलं," ते म्हणाले.

"गेलं म्हणजे?"

"धरणीकंप झाला. समदं गाव भुईला मिळालं. लोक झोपेतच गाडले गेलं म्हनं."

आत्याबाईंनी आतून हंबरडा फोडला. शेजारच्या बायका धावत आल्या. मी सूप खाली ठेवलं नाही. उरलेलं बी पाखडून घेतलं, खडे वेगळे काढले, बी कणगीत भरलं आणि मग आत गेले. लोकांना ते विचित्र वाटलं असणार. मला इतकंच वाटत होतं की अर्धवट टाकलं तर खडे परत मिसळतील.

साहेबाच्या नावाने तार केली, उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी आबा म्हणाले, "आपून जाऊ. मेला असंल तर माती बघू, जिता असंल तर घेऊन येऊ." कारकून भला माणूस होता. त्याची बहीण कराचीत होती, तिचा नवरा तिथल्या बंदराच्या कचेरीत होता. त्याने तिच्या नावाने चिठ्ठी दिली. मुंबईहून बोटीने कराची, तिथे एक मुक्काम आणि तिथून आगगाडीने क्वेट्टा, असं त्याने समजावून सांगितलं.

आबांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. बोटीवर ते सगळा वेळ समुद्राकडे पाठ करून बसले. मी बघत होते, पण बघून काही होत नव्हतं. पाणी होतं, लय होतं, एवढंच.

कराचीला उतरलो तेव्हा सकाळ होती. वारा इतका की पदर हातात धरूनच चालावं लागे. बंदरापासून गावात ट्रामने गेलो. दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाच्या मोठमोठ्या इमारती, कमानी, घड्याळाचा मनोरा. उंटाच्या गाड्यांना रबरी चाकं होती, त्यामुळे एवढा मोठा उंट आवाज न करता शेजारून निघून जाई. एका ठिकाणी माणसं मोठ्या नळीने पाणी मारून रस्ता धूत होती. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी ओढ्यात झरा खणत बसायच्या, आणि इथे रस्त्याला आंघोळ. एरवी मी हे गावभर सांगत सुटले असते. त्या दिवशी आबांनासुद्धा म्हटलं नाही.

कारकुनाची बहीण दुसऱ्या मजल्यावर राहत होती. ब्राह्मणाचं घर. तिने चिठ्ठी वाचली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्हाला पुढच्या गॅलरीत जागा दिली. आमची ताटं वेगळी ठेवली, पण वाढताना हात आखडला नाही. मी तिला बाई म्हणू लागले.

जेवून आम्ही तिकिटासाठी स्टेशनवर गेलो. खिडकीतल्या बाबूने मान वर न करता सांगितलं, "क्वेट्टा बंद है."

आबांना कळलं नाही. "बंद म्हंजी? गाव कसं बंद आसंल?"

"कोई नहीं जाएगा. फौज का हुकूम है." मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि जरा मवाळ आवाजात म्हणाला की तिथून जखमी लोकांना भरून गाड्या निघताहेत, काही इकडेच येतील, तिथे जाण्यापेक्षा इथेच थांबा.

आबा बाकावर बसले. "मंग हितंच बघायचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. माणसांना डब्यातून उतरवत होते, काहींना उचलून, काहींना धरून. डोक्यांना पट्ट्या, अंगावर मिळतील ते कपडे. कोणी ओरडत नव्हतं, ते मला आठवतं. आबा प्रत्येकापाशी जाऊन विचारत होते, "आमचा ड्रायव्हर पोरगा पाह्यला का? उंच हाय, गालावर तीळ हाय." त्यांची मराठी कोणाला कळत नव्हती. लोक नुसते बघायचे आणि ते पुढच्याकडे जायचे.

मी खांबाला टेकून उभी होते. पांढऱ्या साडीतली एक पारशी बाई आली, तिने माझ्या हातात सरबताचा पेला दिला, माझे केस मागे सारले आणि हिंदीत काहीतरी धीराचं बोलली. मी त्या गाडीतूनच उतरले असं तिला वाटलं. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. सरबत पिऊन पेला परत दिला.

त्या गाडीत हे नव्हते.

तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "तू नको येऊस. मी येकलाच जातो." मी गॅलरीत बसून राहिले. दुपार कलल्यावर बाई म्हणाल्या, "अशी बसून राहिलीस तर वेड लागेल. चल, क्लिफ्टनला जाऊन येऊ."

क्लिफ्टनला दगडी फरसबंदीचा लांबच लांब रस्ता समुद्राकडे उतरत जातो. वर मंडप, खाली वाळू. सायबिणी छत्र्या सांभाळत फिरत होत्या, चणेवाला ओरडत होता. आम्ही एका कठड्यावर बसलो. एवढं सुंदर ठिकाण मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तेव्हा मात्र ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं समोर टांगलेलं होतं.

"मनात काय येतं गं तुझ्या?" बाईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "भात पेरायला उशीर झाला. आता परत गेल्यावर आत्याबाई माझ्या बांगड्या फोडतील. मग दिवसपाणी होईल. त्यात आठ-पंधरा दिवस जातील. मग पेरून काही उपयोग नाही, शेजाऱ्याकडून रोपं मागावी लागतील."

बाईंनी तोंडाला पदर लावला आणि रडू लागल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. परक्या घरची बाई माझ्या नवऱ्यासाठी रडत होती आणि मला रडू येत नव्हतं. मी मनातल्या मनात सगळं उरकून टाकलं होतं. बोटीवर, त्या दोन दिवसांत, मी यांना पोचवून आले होते.

घरी परतलो तर आबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले.

"पोरी, गावला," ते म्हणाले. "जिता हाय. म्या हात लावून पाह्यलं. जिता हाय." आणि तो साठीचा माणूस, ज्याला मी कधी आवाज चढवतानाही पाहिलं नव्हतं, गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊ लागला.

बाई धावत वर गेल्या, साखर घेऊन आल्या आणि माझ्या तोंडात घातली. मी ती खाल्ली. गोड होती. त्यापलीकडे काही नाही. मी वाट बघत होते, आता छातीत काहीतरी हलेल, आता हलेल. गल्ली संपली, रस्ता लागला, टांग्यात बसलो, काही हललं नाही.

एका शाळेच्या वर्गांत खाटा टाकल्या होत्या. हे खिडकीपाशी होते. डोकं भादरलेलं, ओठ फुटलेले. डावा हात कोपरापासून नव्हता. हलवायाची माडी कोसळली, हे तुळईखाली सापडले, दोन दिवसांनी शिपायांनी उकरून काढलं, हे सगळं आबांनी वाटेतच सांगितलं होतं. हाताचं मात्र सांगितलं नव्हतं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कशापायी आलीस येवढ्या लांब?"

"आबा आले म्हणून," मी म्हटलं.

"भात पेरलं?"

"नाही."

एवढंच आमचं बोलणं झालं. मी खाटेच्या कडेला बसले आणि माशा वारत राहिले.

खाटा कमी पडत होत्या. घरचे न्यायला आलेत म्हटल्यावर डॉक्टरांनी जखम पाहिली आणि पुढच्या बोटीने न्यायला परवानगी दिली. निघताना बाईंनी माझी खणानारळाने ओटी भरली. मी त्यांच्या पाया पडले.

बेडशाला आलो तेव्हा आत्याबाईंनी यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळं गाव लोटलं होतं आणि जो तो डोळे पुसत होता. मी चूल पेटवायला आत गेले. मागे कोणीतरी म्हणालं, "हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई बघ. दगड हाय दगड." बोलणारीचं चुकलं असं मला वाटलं नाही.

एका हाताने मोटार चालवता येत नाही. साहेब वाचला होता. उशिरा का होईना, त्याने लोणावळ्यातल्या एका ओळखीच्या बंगलेवाल्याला पत्र लिहिलं आणि यांना तिथे राखणदाराचं काम मिळालं. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही संसार मांडला. मी भाकरी मोडून द्यायची, मुंडाशाचं एक टोक धरायची, बटणं लावायची. हे फारसं बोलत नसत. मीही नाही. बाहेरच्याला आम्ही सुखी वाटत असू, आणि दुःख असं काही नव्हतंच.

वर्ष उलटून गेल्यावरची गोष्ट. पाऊस ओसरला होता. बंगल्याच्या आवारात गवत कमरेएवढं माजलं होतं, ते मी कापत होते आणि हे पेंढ्या पायाने दाबून एका हाताने बांधत होते. काम करता करताच माझ्या तोंडून निघून गेलं.

"एक सांगू का? कराचीत तुम्ही सापडलात असं आबांनी सांगितलं ना, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. मी लय प्रयत्न केला."

हे थांबले. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर उठून जातील. यांनी पेंढीची गाठ दातात धरून आवळली, मग म्हणाले, "मलाबी न्हाई वाटलं."

"कधी?"

"वर काढलं तवा. शिपाई वरडत व्हते, जिता हाय, जिता हाय. मला वाटलं, दुसऱ्या कुनाबद्दल बोलत्यात. म्या नुसतं पानी मागितलं." दुसरी पेंढी पायाखाली घेत म्हणाले, "तुला पाह्यलं तवाबी तसंच. वाटलं, ही कोन बाई. मंग भाताचं इचारलं, कायतरी इचारायचं म्हनून."

मी विळा खाली ठेवला. आम्ही दोघं त्या कापलेल्या गवतात बसून राहिलो. मला रडू आलं नाही, यांनाही नाही. पण मी सरकून यांच्या डाव्या बाजूला बसले, जिथे हात नव्हता तिथे. आजवर मी नेहमी उजव्या बाजूला बसत आले होते.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "उठ. ऊन हाय तवर वाळवाया टाकू." आम्ही उठलो आणि उरलेलं गवत पसरायला लागलो.