अण्णाला हरवण्याचा खटाटोप

आमच्या अण्णाला पंचवीस वर्षांत कुणीही हरवले नव्हते, आणि त्याबद्दल तो अतिशय दुःखी होता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. लहानपणीच्या एका तापात त्याची दृष्टी गेली. वाचा मात्र जागच्या जागी राहिली, किंबहुना दृष्टीच्या वाट्याचे कामही तिनेच अंगावर घेतले. तो दिवसा एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर असे आणि संध्याकाळी मृदंगम शिकवी. बेंगळुरूला बसवनगुडीतल्या आमच्या घरी दर रविवारी रमीचा डाव बसे. वहिनीने सुईने टोचून प्रत्येक पानावर खुणा केल्या होत्या, त्यामुळे अण्णा बोटांनी पाने वाची. आणि दर रविवारी तोच जिंके! कारण आमच्या घराचा एक अलिखित दंडक होता: अण्णासमोर हरायचे. हातात दोन जोकर असले तरी हरायचे. समोरच्या सुब्बम्मांनी तर एकदा लागलेली रमी मोडून, "अय्यो, माझं काहीच जमेना," असा उसासा टाकला होता. (उसासा इतका सुरेख होता की तो ऐकून आम्हा सगळ्यांना त्यांची कीव आली.)

एका रविवारी मात्र अण्णाने पाने खाली आपटली.

"तुम्ही सगळे खोटं हरता. मला वास येतो."

"कसला वास येतो?" वहिनीने विचारले.

"दयेचा. फोडणी करपल्यासारखा असतो." मग तो माझ्याकडे वळला. "शालू, तू त्या कम्प्युटरच्या क्लासला जातेस ना? मग असा एखादा खेळ कर, ज्यात मी आणि हे डोळेवाले बरोबरीनं खेळू. यंत्राला दया नसते. मला एकदा खरं जिंकायचंय. नाहीतर खरं हरायचंय. काहीही चालेल, पण खरं!"

इथे माझ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. अधिक सांगण्यासारखे नाहीतच. मी महाविद्यालयात गणित शिकवीत असे, आणि हजेरी घेतानासुद्धा माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नसे. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले, तेव्हा शेहेचाळिसाव्या वर्षी मीही भीतभीत एका वर्गात नाव घातले. पहिल्या दिवशी तिथल्या तरुण शिक्षकाने मला आदराने खुर्ची दिली आणि विचारले, "आंटी, तुम्ही कुणाला न्यायला आलात?" अशा विदुषीवर अण्णाने आपली शेवटची आशा ठेवली होती!

खेळाची कल्पना साधी होती. एका घराला तीन खिडक्या. त्यांपैकी एकीतून फणस पळवायला माकड येते. डाव्या खिडकीत आले की संगणकातून खालचा सा वाजतो, मधल्या खिडकीत पंचम, उजव्या खिडकीत वरचा सा. सूर ओळखून एक, दोन किंवा तीन आकड्याची कळ दाबली की माकड पळते. वेळेत दाबली नाही, तर ते खुर्र असा आवाज करून फणसासह पसार होते. महिनाभर खपून मी हा खेळ लिहिला आणि अण्णाला घरी नव्याने घेतलेल्या संगणकासमोर बसवले.

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून पाच मिनिटे प्रसन्न मुद्रेने बसून राहिला.

"अण्णा, खेळ ना!"

"खेळतोय की. फार शांत खेळ आहे. मला आवडला."

मी पडद्याकडे पाहिले. तिथे ठळक अक्षरांत सूचना होती: सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा. दृष्टी नसलेल्या माणसासाठी केलेल्या खेळाच्या दारावर मी पाटी लावून ठेवली होती!

ती पाटी काढली, तेव्हा पहिले माकड आले. अण्णाने कानांवर हात ठेवले.

"हा पंचम कुठून आणलास? शिवाजीनगरच्या बाजारात मोडीत मिळाला का?"

"अण्णा, ते माकड आहे."

"असेना! माकड झालं म्हणून काय झालं, सुरात यायला नको?"

मी सुरांच्या वारंवारतेचे आकडे सोयीसाठी ढोबळ पूर्णांकांत बसवले होते. गणिताला ते चालत होते. अण्णाला चालत नव्हते. पुढचे दोन आठवडे मी माकडाला संगीत शिकवण्यात घालवले. अखेर अण्णाने "सरी, ठीक आहे, आता घरात घ्यायला हरकत नाही," असे प्रमाणपत्र दिले, आणि वहिनी खेळायला बसली. वहिनीचे आणि सुरांचे लग्नाआधीपासून वाकडे. तिने दहाच्या दहा माकडांना उजव्या खिडकीतून हाकलण्याचा प्रयत्न केला आणि दहाही फणस घालवले.

"वन्सं, मला सगळी माकडं सारखीच ऐकू येतात हो. एखादं दिसू तरी द्या!"

तिचे म्हणणे रास्त होते. अण्णा आणि डोळेवाले दोघांनाही खेळता यावे, हीच तर अट होती. म्हणून मी चित्र काढले. वहिनीने ते निरखून पाहिले आणि विचारले, "वन्सं, माकड या गॅस सिलिंडरच्या मागे आहे का?" त्यातून आमचा संगणक इतका सावकाश चित्र काढी, की अण्णा सूर ऐकून माकडाला हाकलून मोकळा होई आणि वहिनीच्या माकडाला अजून शेपूट फुटायचे असे.

"हा अन्याय आहे!" वहिनी कडाडली. अण्णा खूश झाला. त्याच्यावर अन्यायाचा आरोप आयुष्यात प्रथमच होत होता.

शेवटी शेपटीचे टोक निघाल्याशिवाय सूर वाजणार नाही, अशी मी व्यवस्था केली. आता कानवाले आणि डोळेवाले एकाच क्षणी सावध होऊ लागले. खेळ खरोखर बरोबरीचा झाला होता. मी तिथेच थांबले असते, तर ही आठवण सांगण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

त्याच सुमारास आमचा मामेभाऊ मनोहर कंपनीच्या कामासाठी पुण्याहून चार दिवस आला. तो संगणकाच्याच धंद्यात होता आणि आमच्या घराचा दंडक त्याला ठाऊक नव्हता.

"अण्णा, एक आधीच सांगतो," तो म्हणाला, "गेममध्ये मी कुणाला सोडत नाही. अगदी सिरियसली खेळतो."

अण्णाचा चेहरा असा उजळला, की स्वतःच्या लग्नातही उजळला नव्हता. (हे मत वहिनीचे.) रविवारी सकाळी, न्याहारीनंतर, पन्नास पन्नास माकडांचा सामना ठरला. प्रेक्षक म्हणून सुब्बम्मांनाही आमंत्रण गेले.

शनिवारी दुपारी मनोहर सहज म्हणून खेळला आणि त्याने पन्नासांतली त्रेचाळीस माकडे पळवली. अण्णा अडतिसापुढे गेला नाही. बिचारा सर्वांसमोर हरणार! मी हळूच संगणकापाशी गेले आणि प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: खेळापूर्वी टाकलेले खेळाडूचे नाव अण्णा असेल, तर माकडाने खिडकीत थोडे अधिक थांबावे. त्या जादा वेळेला काहीतरी नाव देणे आवश्यक होते. विद्यार्थिनींना मी नेहमी सांगत आले होते, की नाव अर्थपूर्ण असावे. मी 'दया' असे नाव दिले.

रविवारी मनोहरची एकेचाळीस माकडे झाली. अण्णाची सत्तेचाळीस! टाळ्या वाजल्या. मनोहरचा चेहरा खरोखर उतरला. मी माझ्या धूर्तपणावर मनातल्या मनात खूश होते. पण अण्णा खुर्चीवरून उठेना. त्याची बोटे मांडीवर ठेका धरून होती.

"मनोहर, परत बस बरं. स्वल्प. दोनच माकडं. पण कळ दाबू नकोस. जाऊ दे त्यांना."

मनोहरने दोन माकडे जाऊ दिली. खुर्र. खुर्र.

"आता मी." अण्णानेही दोन माकडे सोडली. मग तो शांतपणे म्हणाला, "मनोहरचं माकड तीन मात्रा थांबतं. माझं चार. शालू, माझीच माकडं इतकी निवांत का?"

"यंत्र... यंत्र तापलं असेल," मी म्हटले. माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही गेला नसता.

"माझ्यापुरतंच तापतं?"

तोवर मनोहरने प्रोग्राम उघडला होता आणि तो खड्या आवाजात वाचू लागला होता: "इफ नेम इज इक्वल टू अण्णा, देन दया इज इक्वल टू..." तो थबकला.

"अहो वन्सं," वहिनी कुजबुजली, "निदान नाव तरी दुसरं द्यायचं!"

"यंत्रातसुद्धा?" अण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. पण त्यात नुसता थकवा होता. "यंत्रातसुद्धा घातलीस, शालू?"

मी सर्वांदेखत ती ओळ पुसली. सामना पहिल्यापासून पुन्हा झाला. मनोहरची बेचाळीस. अण्णाची एकेचाळीस.

सुब्बम्मांनी जुन्या सवयीने सुरुवात केली, "अय्यो, मशीनच चुकलं असणार..."

"गप्प बसा हो सुब्बम्मा!" अण्णा ताडकन उभा राहिला. "हरलो! एका माकडानं हरलो!" त्याने चाचपडत मनोहरला गाठले आणि अशी मिठी मारली, की विजेत्याचा चष्मा वाकला. "अगं, केसरीभात कर! तूप सढळ घाल!"

"पंचवीस वर्षं जिंकताय, तर साधी कॉफी सांगितली नाहीत," वहिनी डोळे पुसत म्हणाली, "आणि हरल्यावर केसरीभात!"

सोमवारी अण्णाने कारखान्यातल्या प्रत्येक खात्याला फोन जोडून देण्याआधी आपल्या पराभवाची हकिगत ऐकवली. मुख्य व्यवस्थापकांना ती दोनदा ऐकावी लागली, असे म्हणतात.

पण त्या रविवारी केसरीभात खाऊन झाल्यावर अण्णाने मला संगणकासमोर बसवले होते. "बघू या, खेळ करणारीचा हात!" मी डोळे फाडून, कान टवकारून खेळले आणि पन्नासांत सतरा माकडे पळवली. माझ्यानंतर सुब्बम्मा बसल्या. संगणकाला त्यांचा जन्मात पहिल्यांदाच हात लागत होता. त्यांनी तेवीस पळवली.

अण्णाने निवाडा दिला. "शालू, ती ओळ परत घाल. फक्त नाव बदल."

तेव्हापासून ती दया माझ्या नावावर आहे. खेळाडू शालू असली, की माकड चार मात्रा थांबे. पुढे मी गुपचूप त्या चाराच्या आठ केल्या, आठाच्या सोळा केल्या. आता माझे माकड खिडकीत बसून फणस फोडते, गरे खाते, आठळ्या नीट वेचून ठेवते आणि निघताना एकदा माझ्याकडे आशेने पाहते. पण मी तेव्हाही चुकीच्या खिडकीत असते!