पोलिसांची गाडी ओढणारे मामा

सगळं शहर पोलिसांना मामा म्हणायचं, आणि पोलीस ज्याला मामा म्हणायचे असा शहरात एकच माणूस होता. बंद पडलेल्या गाड्या क्रेनने ओढून नेणं हा त्यांचा धंदा. पोलिसांच्या जीपगाड्या इतक्यांदा बंद पडत की मामांची चूल त्यांच्यावरच पेटायची. सकाळी क्रेनचं दार उघडताना ते म्हणत, "आज एखादी तरी बंद पडू दे रे बाबा."

मामी चिडायच्या. "अहो, कुणाचं तरी वाईट मागता!"

"माणसाचं नाही गं, जीपचं मागतोय."

एका दुपारी उड्डाणपुलाखाली गस्तीची जीप क्लच जळून उभी राहिली. मामांनी तिची पुढची चाकं उचलली, साखळी आवळली. जीप चालवणारी महिला हवालदार (मामा तिला ताई म्हणत) क्रेनमध्ये येऊन बसते न बसते तोच तिचा वायरलेस बोलू लागला. जवळच्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं दार तिचा दारू प्यायलेला दीर फोडत होता. बाई घरात एकटी. त्या भागातली दुसरी गाडी दुरुस्तीला, तिसरी पार शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"मामा, जीप सोडा. क्रेन घेऊन चला."

"सोडण्यात वेळ जाईल, ताई. तशीच नेऊ."

ताईने जीपचा सायरन तेवढा चालू केला आणि वरात निघाली. पुढे क्रेन, मागे तोंड वर करून बोंबलणारी पोलीस जीप. रस्त्यावरची माणसं पोट धरून हसत होती, पण वाट मात्र देत होती.

सायरन ऐकून दीर पळाला. गल्लीच्या तोंडाशी ताईने त्याची कॉलर धरली. दार बिजागरीतून निखळलं होतं. त्याला आतून कपाट लावून, कपाटाला पाठ टेकून बाई बसली होती. बाहेर आल्यावर तिची नजर लोंबणाऱ्या जीपवर गेली.

"ही तुमची गाडी? हिच्या भरवशावर मी दार धरून बसले होते?"

ताईने दिराची कॉलर आणखी आवळली. मामांना तर कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

पोलिसांच्या गॅरेजात जीप उतरवताना त्यांनी तिथल्या साहेबांना विचारलं, "साहेब, या गाड्यांचं सर्व्हिसिंग वेळेवर का होत नाही?"

"कशातून करू, मामा? वर्षाला ठरलेली रक्कम येते. त्यातून तुमची बिलं भागवली की सर्व्हिसिंगला उरत नाही. सर्व्हिसिंग चुकलं की गाडी बंद पडते. मग पुन्हा तुम्ही, पुन्हा तुमचं बिल. ठिगळावर ठिगळ चाललंय नुसतं."

मामांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. "मला फेरीचे पैसे नकोत. महिन्याला ठरावीक द्या, आत्तापेक्षा कमीच. गाडी बंद पडली तरी तेवढेच, नाही पडली तरी तेवढेच. उरतील ते सर्व्हिसिंगला घाला."

"अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय!" घरी हे कळल्यावर मामी म्हणाल्या.

"धोंडा कसला? आता गाडी बंद पडली तर तोटा माझाच. पहिल्यांदाच आपलं नि पोलिसांचं भलं एका बाजूला आलं बघ."

फाईल वरच्या कचेरीत बरीच रखडली. कमी पैसे मागणारा कंत्राटदार बघून तिथे सगळ्यांना संशयच आला. शेवटी मंजुरी मिळाली, पण सुरुवातीचे महिने वाईट गेले. जुन्या गाड्या बंद पडतच होत्या आणि मामांचं डिझेल पदरचं जात होतं. मामींनी कुरकुरत का होईना, वाणसामानात हात आखडता घेतला. मग सर्व्हिसिंग झालेल्या गाड्या एकेक करत रस्त्यावर आल्या. मामा दिसेल त्या जीपला अडवू लागले. "ताई, पाणी बघितलं का? टायर गुळगुळीत झालाय, बदलून घ्या."

"मामा, माझ्या सासूबाईसुद्धा एवढ्या मागे लागत नाहीत हो!"

गाड्या अजूनही बंद पडतात. जुनं लोखंड शेवटी. पण मधल्या वेळात मामा क्रेनने पाण्याच्या टाक्या चढवतात, दुकानांची यंत्रं उतरवतात, आणि पुष्कळदा दुपारी चक्क घरी जेवायला येतात.

"आजही एखादी बंद पडली नाही वाटतं?" परवा ताट वाढताना मामींनी विचारलं.

"नाही."

"मग हात धुवा. आणि जेवण झालं की आपला पंखा बघा जरा. महिनाभर कुरकुरतोय."