राहेलमावशीचे चिंचोके

महिन्यापूर्वी शाळेच्या शिपायाने निळं विमानपत्र आणून दिलं, तेव्हा मी नववीच्या पोरांना काळ-काम-वेगाची गणितं घालत होतो. पत्र इस्रायलहून, माझा बालमित्र बेंजामिन, म्हणजे आमचा बेंजू, याचं. त्याची आई, राहेलमावशी, गेली. शांतपणे गेली. खाली एक ओळ होती : ‘जायच्या आदल्या दिवशीही आईनं विचारलं, मास्तरानं राहिलेलं वाचलं का?’ मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. पोरांना वाटलं, खडूची धूळ गेली... मीही तसंच वाटू दिलं.

तिळाचं तेल घ्यायचं तर राहेलमावशीच्या घाण्यावरून, असा पनवेलात शिरस्ता होता. तिची बेने इस्रायली मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत आपला बैल मोत्या आपण होऊन थांबतो, असं मावशी शपथेवर सांगायची. नवरा लवकर गेला, घाणा तिनेच ओढला. पुढे मोतीबिंदूने डोळे गेल्यातच जमा झाले, तरी घाण्याची नुसती कुरकुर ऐकून ती आतून ओरडायची, “बेंजू, घाणा कोरडा चाललाय, पानी शिंपड!” या कानांचा मी वेळीच धसका घ्यायला हवा होता.

पन्नास सालानंतर त्या घराचं इस्रायलला जायचं ठरलं. बोट जूनच्या सुरुवातीला होती. मावशीने नवस केला होता : जाण्याआधी आपलं शास्त्र एकदा सलग, सगळं, मराठीत ऐकायचं. “तिकडं नातवंडं हिब्रू शिकतील. मला मराठीत कोन वाचून दावनार?” असा तिचा सवाल होता. घरात नवऱ्याने कधीकाळी मिशनवाल्यांकडून घेतलेलं जाडजूड मराठी बायबल होतं. बेंजू कागदपत्रांसाठी रोज मुंबईला खेपा घालत होता. उरलो मी. ‘कुठलाही ग्रंथ द्या, महिन्याच्या आत फडशा पाडतो’, ही फुशारकी मी वाचनालयाच्या पायरीवर बसून इतक्यांदा मारली होती, की बेंजूने एके दिवशी माझं मनगट धरून मला घाण्यावरच नेलं.

मे महिन्याची सुट्टी होती, हाताशी तीस दिवस. गणिताचा मास्तर मी, एकूण पानांना तिसाने भागलं आणि निघालो. रोज दुपारी जेवण झालं की पाटावर बसायचं आणि ऊन उतरेपर्यंत वाचायचं. समोर मावशी चिंचांची रास घेऊन चिंचोके काढत बसलेली. इतकी पानं ओलांडायची म्हणजे पूर्णविराम पाळून कसं चालेल! “मोत्या उधळला गं बाई,” असं माझा सपाटा ऐकून ती पुटपुटायची. गोष्टी मजेत जात. पण मधूनच नावांच्या याद्या लागत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका, अशी पानंच्या पानं. तिथे मी घसा खाकरायचो आणि दोन पानं एकदम उलटायचो. मावशीला दिसत नव्हतं... बिनघोर मामला.

बाविसाव्या दिवशी एक भाग संपला. पुढचा भाग नव्या हुरुपाने उघडला, तर पहिल्याच पानावर पुन्हा नावांची यादी! मी घसा खाकरतोय तोच मावशी म्हणाली, “थांब. आमचं हितं संपलं.”

“संपलं? मावशी, अजून एवढी पानं आहेत!”

“ती किरिस्तावांची. चांगलीच असतील, पन आमची नायत.”

म्हणजे भाज्यच चुकलं होतं! जुना करार आणि नवा करार, दोन्ही भाग एका बांधणीत होते आणि मी सगळ्याला तिसाने भागून उगाच घोडदौड केली होती. पण आठ दिवस वाचले या आनंदात मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात मावशीने एक पितळी वाटी पुढे सरकवली. “मोज.” आत चिंचोके होते. सत्तावीस.

“दोन पानं एकदम उलटली की आवाज जाड येतो रं, मास्तरा. सत्तावीसदा आला.”

मी मोत्याकडे बघितलं. त्यानेही मान फिरवली. चाचरत म्हणालो, “मावशी, त्यात नुसती नावंच होती.”

“आरं, गोष्टी मी आमच्या लोकांच्या कीर्तनात लहानपनापास्नं ऐकल्या. नावं कुना कीर्तनकारानं गायली नायत. तीच तर ऐकायची हायेत.”

मग आठ दिवस आम्ही नावं वाचली. एक यादी झाली की वाटीतला एक चिंचोका बाहेर. आणि सांगतो, त्या आठ दिवसांची मजा आधीच्या बावीस दिवसांत नव्हती. मावशी प्रत्येक नावावर शेरा मारायची. “ह्यो बापावर गेलेला दिसत नाय.” “ह्या नावाचा माझा चुलता व्हता रेवदंड्याला, एक नंबरचा चेंगट.” हजारो वर्षांपूर्वीची माणसं घाण्यावर तेल घ्यायला आल्यासारखी ओळीने येत होती, आणि बेंजू मुंबईहून आला की उंबऱ्यातूनच विचारायचा, “आज कोणकोण येऊन गेलं?”

शेवटच्या दिवशी नवस फेडायचा म्हणून मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. तो वास नाकात शिरला आणि माझ्यातला जुना भामटा जागा झाला. वाटीत एकच चिंचोका होता. ती यादी बंदिवासातून आपल्या देशी परत निघालेल्या घराण्यांची होती, आणि तीच यादी जवळजवळ जशीच्या तशी आदल्या दिवशी त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका पुस्तकात वाचून झाली होती. तेच पुन्हा कशाला? मी घसा न खाकरता, पान अगदी हलक्या हाताने उलटलं. मावशीने वाटी उचलून आत नेली. त्यांच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू नबीचं नाव घेतलं, प्रार्थना झाली, ताटं आली. माझ्या ताटात पोह्यांच्या बरोबर मधोमध तो चिंचोका ठेवलेला होता.

“मावशी, तीच यादी दोनदा आहे हो...”

“दोनदा लिवनाऱ्याचा हात दुखला नाय, आनि तुजी जीभ दुखती व्हय? खा. नबीला सांगितलंय मी, येवढं मास्तराकडं राहिलं.”

पुढे बेंजूच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असे : ‘आई विचारते, वाचलंस का?’ एकदा मी धडधडीत लिहिलं, ‘वाचलं.’ उलट टपाली उत्तर आलं : ‘आई म्हणते, मला ऐकू आलं नाही.’

गेल्या रविवारी मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून बायबल मागून आणलं. बायकोला आठवेल तसा मलिदा करायला सांगितला. पाटावर बसून ती यादी मोठ्याने वाचली, एकेक घराणं, सावकाश. मध्येच दोन पानं चिकटून आली आणि जाड आवाज झाला... मी दचकून एक पान मागे आलो. आतून बायको म्हणाली, “अहो, वासावर किती वेळ बसायचं? आणि ही हजेरी कोणाची चाललीय?” मी हातानेच थांब म्हटलं आणि शेवटच्या नावापर्यंत गेलो. मग खाल्लं. झकास झाला होता.

चिंचोका मात्र टाकलेला नाही. काळ-काम-वेगाच्या तासाला तो माझ्या टेबलावर असतो. एखादं पोरगं मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तराला पोचलं, की मी चिंचोका उचलतो. जाऊन त्याच्या वहीवर, बरोबर मधोमध, तो ठेवतो.