बंद केलेला बझर

इस्पितळाच्या कॉम्प्युटर खात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. सर्व्हर सुरू होताना जे बीप देतो, त्यावरून काय बिघडलंय ते त्यांना कळायचं. एक लांब, दोन आखूड म्हणजे पडद्याचं कार्ड. थांबायचं नाव न घेणारी टीटटीट म्हणजे मेमरीची पट्टी सैल. फोन करणाऱ्याला ते सांगत, "तू बोलू नकोस, फोन मशीनजवळ धर." बायको म्हणायची, "मशीनचं एवढं ऐकता, घरात मात्र कानात बोळे."

प्रयोगशाळेचा सर्व्हर बायकांच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत होता. एकदा त्याच्या सहा डिस्कपैकी एक गेली. तिच्यावर केशरी दिवा लागला, बझर वाजू लागला. एक गेली तरी सर्व्हर चालतो, दुसरी गेली की सगळंच गेलं. कानसेनांनी लगेच नव्या डिस्कची मागणी केली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या सिस्टर आल्या. "काका, ऑपरेशन झालेल्या बायका आहेत हो. या आवाजानं डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा."

त्यांनी बझर बंद केला. भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "सुटलो बाई." कानसेनांना बरं वाटलं.

भांडारातला कारकून म्हणाला, "मशीन चालतंय ना? मग कसली घाई?" पहिल्या आठवड्यात ते रोज त्याच्याकडे गेले, मग आठवड्यातून एकदा, मग कधीतरी. बझर वाजत असता तर वॉर्डानंच त्या कारकुनाला सळो की पळो करून सोडलं असतं. बंद खोलीतला दिवा कोण बघतो? खरं म्हणजे तेही बघेनासे झाले होते.

अकराव्या आठवड्यात, ऐन जेवणाच्या सुट्टीत, दुसरी डिस्क गेली. सर्व्हरमधल्या माहितीची रोजची नक्कल ज्या वेगळ्या डिस्कवर जायची, ती दोन महिन्यांपूर्वीच भरली होती. तेही त्यांनीच बघायचं होतं.

दोन महिन्यांचे अहवाल गेले. बहुतेकांचं रक्त पुन्हा घेऊन भागलं. पण शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला आला होता. काचपट्ट्या कपाटात होत्या, पण कुठल्या नंबरची कुणाची, हे त्या सर्व्हरलाच ठाऊक. तुकडा पुन्हा काढला, जखम चिघळली, उपचार सहा आठवडे लांबले. चार महिन्यांनी ती गेली.

चौकशीत 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं गेलं. तिचा नवरा बसड्रायव्हर होता. चौकशीचा कागद घेऊन तो कानसेनांच्या टेबलाशी आला.

"गाडी बिघडायच्या आधी आवाज करते," तो म्हणाला. "तुमचं मशीन काहीच करत नाही?"

"करत होतं," कानसेन म्हणाले. "मी बंद केला तो आवाज."

त्यानं हातातला कागद टेबलावर ठेवला. "मला हे लेखी द्या."

साहेबांना कुणकुण लागली. "उगाच आ बैल मुझे मार कशाला? तुमचं नाव कुठंच नाही अहवालात."

कानसेनांनी लिहून दिलं. बझर, मागणीची तारीख, भरलेली डिस्क, सगळं. बायकोनं कागद वाचला आणि एवढंच म्हणाली, "सही नीट करा, वाचता आली पाहिजे."

नोकरी गेली. बसड्रायव्हरनं इस्पितळावर दावा लावला. सुनावणीला ते आणि तो एकाच बाकावर बसले. वकिलानं डॉक्टरांना विचारलं, "उपचार वेळेवर मिळाले असते तर ती वाचली असती?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित हो, कदाचित नाही."

कानसेनांनी मान खाली घातली. हो म्हणाले असते तरी सोसलं असतं, नाही म्हणाले असते तरी. शेजारचा माणूस उठून बाहेर गेला, त्याची पिशवी बाकावरच राहिली. ती उचलून त्याच्या मागे जावं की नको, हे त्यांना कितीतरी वेळ ठरवता येईना.